बिघडलं तर कोण बघणार?

(१९८९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे 'आपल्या शाळेचा रोबोटिक्स संघ : वाटचाल'. वाटचालीबद्दल सांगायचं तर आधी एका फजितीबद्दल सांगावं लागेल, आणि ती फजिती माझी आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी या संघासाठी पैसे दिलेत. तेव्हा हिशोब द्यायलाच हवा.

सुरुवात जिन्याखालच्या त्या खोलीपासून करतो. आठवते ना? दाराबाहेर चपला काढायच्या, हात धुवायचे, आणि आत रांगेनं जायचं. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून. आत हिरव्या कापडाखाली बीबीसी मायक्रोचे दोन संच. केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेत १९८४ पासून देशातल्या निवडक शाळांना हे संच मिळाले, त्यात आपला नंबर लागला होता. मेमरी ३२ केबी. आज तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. सुरू केला की दोन सुरांत आवाज द्यायचा आणि पडद्यावर बाणाच्या टोकासारखी एक खूण यायची. गणिताच्या सरांनी माझ्याकडून त्या खुणेपुढे 'प्रिंट' आणि बारा गुणिले बारा असं टाइप करून घेतलं. सर पहिल्या रांगेत बसलेत, त्यांना आठवतं का ते माहीत नाही. बटण दाबलं. १४४. बाराचा पाढा मला येत होता हो, पण मी विचारलं आणि त्या डब्यानं तिथल्या तिथे उत्तर दिलं, याचं काय ते अप्रूप! पुढची तीस-पस्तीस वर्षं मी त्याच्यावरच पोट भरतोय.

ती भाषा बेसिक होती. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी १९६४ साली ती तयार केली, तीच मुळी विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून. हे मला खूप नंतर कळलं. आणि कळूनही उपयोग झाला नाही, ते आता सांगतो.

२०२२ च्या जूनमध्ये आपण वर्गणी काढली, वरच्या मजल्यावरची खोली रंगवली, टेबलं केली, आणि आठवी-नववीच्या चौदा मुलांचा संघ उभा राहिला. मुलांना कुठली प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायची यावर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे रण माजलं ते सगळ्यांना आठवत असेलच. त्या आठवड्यात एकानंही 'सुप्रभात' पाठवलं नाही, म्हणजे बघा. अमेरिकेतला आपला मित्र म्हणाला, जावा. त्याची मुलगी तिकडच्या 'फर्स्ट' स्पर्धेच्या संघात होती आणि तो संघ जावा वापरायचा. बंगळुरूवाले म्हणाले, पायथन, कारण आता सगळं एआय त्यातच आहे. कोणी म्हणालं, चित्रांचे ठोकळे जोडायला द्या, स्क्रॅचसारखे. मी तर भोसरीत मशीन बनवणाऱ्यांतला. मी सांगून टाकलं, सी प्लस प्लस. खरी इंडस्ट्री त्यावर चालते, आर्डुइनोचा बोर्ड तीच भाषा बोलतो, मुलांना एकदाच काय ते पक्कं शिकवू. दर शनिवारी गाडी काढून यायला मीच तयार होतो, त्यामुळे कोणी फार वाद घातला नाही.

यात एक प्रश्न कोणीच विचारला नाही. सोमवार ते शुक्रवार त्या खोलीत मुलांबरोबर विज्ञानाच्या बाई असणार होत्या. त्यांना काय वाटतं?

सी प्लस प्लस वाईट भाषा आहे असं मी म्हणणार नाही. तिच्या जिवावर माझं घर झालं. पण आठवीतल्या पोराच्या बाजूनं बघा. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला तर चूक अकराव्या ओळीत असते आणि मशीन बोट दाखवतं बाराव्या ओळीकडे. पोरगं बाराव्या ओळीकडे टक लावून बसतं. तिथे सगळं बरोबर असतं. दुसरं, 'समान आहे का?' असं विचारायला बरोबरची खूण दोनदा लिहायची. एकदाच लिहिली तर त्याचा अर्थ 'समान करून टाक'. सी प्लस प्लस त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, प्रोग्रॅम निमूट चढवून घेतं. आमचा एक रोबो दोन शनिवार नुसता डावीकडे गिरक्या घेत होता. मुलांनी मोटर बदलली, चाक बदललं, बॅटरी बदलली. दोष त्या एका खुणेत होता. मी आल्यावर अर्ध्या मिनिटात काढला, आणि मला वाटलं, वा, मी शिकवतोय!

दिवाळीपर्यंत चौदाचे नऊ झाले. गळालेल्या पाचांत चार मुली होत्या. मी म्हटलं, आवड लागते, चालायचंच.

डिसेंबरात जवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शाळांसाठी स्पर्धा होती. काळ्या पट्टीवरून चालणारा रोबो. पांढऱ्या फ्लेक्सवर काळी चिकटपट्टी लावलेली असते. रोबोच्या पोटाशी दोन सेन्सर, ते खाली इन्फ्रारेड प्रकाश टाकतात. पांढऱ्यावरून तो परत येतो, काळ्यावरून येत नाही. सेन्सर शून्य ते १०२३ मधला एक आकडा देतो, आणि त्या आकड्यावरून ठरवायचं की खाली पट्टी आहे की नाही. मधली सीमा आम्ही ५०० धरली होती. आपल्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, रोबो आगगाडीसारखा जायचा.

स्पर्धेचा हॉल मोठा, पश्चिमेला उंच खिडक्या. दुपारी तीनला आपला नंबर आला तेव्हा उन्हाची तिरीप थेट फ्लेक्सवर. उन्हातही इन्फ्रारेड असतंच, त्यामुळे सेन्सरचे आकडे पार बदलले. ५०० च्या जागी दुसरा आकडा घालायचा, एवढंच काम होतं. शेजारच्या शाळेच्या मुलांनी ते केलंही. आमच्या मुलांना काय बिघडलंय ते समजलं होतं, हे लक्षात घ्या. त्यांना तो आकडा कुठे आहे ते सापडलं नाही. कारण आदल्या शनिवारी मी त्यांचा वेडावाकडा प्रोग्रॅम 'नीट' करून दिला होता. तीन फाइली, वेगळी लायब्ररी, सगळं कसं कंपनीत असतं तसं. तो आकडा एका इंग्रजी लघुरूपाच्या नावाखाली तिसऱ्या फाइलीत जाऊन बसला होता.

त्यांनी मला फोन केले. सात. मी भोसरीत एका बंद पडलेल्या मशीनखाली आडवा होतो, फोन लॉकरमध्ये.

रोबो पट्टीच्या सुरुवातीला उभा राहिला आणि तीन मिनिटं तसाच उभा होता. मुलं शेजारी.

पुढच्या शनिवारी मी आलो तो समजूत घालायच्या तयारीनं. हारजीत, अनुभव, वगैरे. नववीतली एक मुलगी ऐकत होती. गिरक्यांच्या वेळी चाक बदलणारी तीच. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "सर, आमचं हरलं असतं तर वाईट वाटलं असतं. पण ते तुमचं होतं."

त्या दिवशी परत जाताना टोलनाक्यापर्यंत मी तिच्यावर चिडलेला होतो, हे कबूल करतो.

मग मला माझ्याच कारखान्यातली गोष्ट आठवली, आणि ती जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्यातले निम्मे मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलवाले आहेत. कारखान्यातली मशीन पीएलसी नावाच्या कंट्रोलरवर चालतात. १९६८ च्या सुमारास अमेरिकेतल्या जनरल मोटर्सला असा कंट्रोलर हवा होता. तोवर रिलेंनी भरलेली कपाटं असायची, आणि गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग नव्यानं करायचं. डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला, मोडिकॉन नावाचा. आता त्याला भाषा कुठली द्यायची? कॉम्प्युटरच्या भाषा होत्या की तेव्हा. पण दिली ती लॅडर, म्हणजे शिडी. दोन उभ्या रेघा, मध्ये आडव्या पायऱ्या, पायरीवर स्विचच्या खुणा. रिलेचा नकाशा जसा काढतात अगदी तसा. कारण रात्रपाळीत लाइन थांबली तर बघायला येणारा माणूस इलेक्ट्रिशियन असायचा, आणि त्याला नकाशा वाचता यायचा. आज पन्नास वर्षांनंतरही आमच्याकडे लॅडर आहे. आमचा रात्रपाळीचा वायरमन लॅपटॉप उघडतो, पायरीवर बोट ठेवतो, म्हणतो, "साहेब, हा कॉन्टॅक्ट लागत नाही," आणि जाऊन लिमिट स्विचवर अडकलेला पत्र्याचा तुकडा काढतो. एकदा हौसेनं मी मशीनचा एक भाग लॅडरऐवजी लेखी भाषेत लिहिला होता. सुंदर लिहिला होता. रात्री दोन वाजता मला घरून उठवून नेलं. त्यानंतर मी तसं पुन्हा केलं नाही. पण पोरांच्या बाबतीत केलं, आणि तिथे मला कोणी रात्री दोनला उठवणार नव्हतं.

तर जानेवारीत मी बाईंना विचारलं, कुठली भाषा घ्यायची? सहा महिने उशिरा. बाईंनी एक वही काढली. त्यात वर्षभर कोण कुठे अडलं ते लिहून ठेवलेलं होतं, तारखेसकट. मला कधी दाखवली नव्हती, कारण मी कधी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "पहिले दोन-तीन महिने ठोकळे. मग पायथन. आणि सर, मी जे एकटीनं सोडवू शकत नाही ते इथे आणायचं नाही."

ठोकळ्यांना मी नाक मुरडलं. बालवाडी वाटली मला. पण ठोकळ्यात अर्धविराम विसरता येत नाही; न जुळणारा ठोकळा जुळतच नाही. त्यामुळे पोराचं सगळं डोकं 'रोबोनं आधी काय करायचं, मग काय' यातच लागतं. मोटरींची एक साधी गंमत बघा. दोन मोटरी रोबोच्या दोन बाजूंना आरशातल्यासारख्या उलट्या बसवलेल्या असतात. दोघींना 'पुढे' म्हटलं की एक पुढे जाते, एक मागे, आणि रोबो जागेवर फिरतो. एकीचं पुढे म्हणजे मागे करावं लागतं. हे ठोकळ्यांवर सातवीच्या मुलांना पंधरा मिनिटांत कळलं. आधीच्या वर्षी त्यालाच मी तीन आठवडे घेतले होते.

ठोकळ्यांसाठी वापरला तो बोर्ड मायक्रोबिट. बीबीसीनंच २०१६ साली ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना वाटला होता, आपल्या त्या हिरव्या कापडाखालच्या डब्याचा नातू म्हणा. आणि गणपतीनंतर पायथनसाठी घेतला तो रास्पबेरी पाय पिको, अंगठ्याएवढा, चारएकशे रुपयांचा. त्यात मेमरी २६४ केबी, आपल्या बीबीसी मायक्रोच्या आठपट. त्यातला प्रोसेसर एआरएम घराण्यातला, आणि ते घराणं सुरू झालं केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत, जिनं बीबीसी मायक्रो बनवला होता. हे सांगितल्यावर मुलांनी विचारलं, "मग तो जुना कुठाय?" कोणाला माहीत असेल तर चहाच्या वेळी सांगा. तो रद्दीत गेला असेल असं मला वाटत नाही.

आर्डुइनो उनोवर पायथन का नाही, असं ग्रुपवर एकानं विचारलं होतं. त्याची मेमरी दोन केबी. मायक्रोपायथनला तिथे बसायलाच जागा नाही. म्हणजे भाषा बदलायची तर बोर्ड बदलावा लागला. जुने आर्डुइनो कपाटात आहेत, वाया गेलेले नाहीत. पुढच्या इयत्तांना लागतील.

पायथननं मला जिंकलं ते पहिल्याच दिवशी. पिको कॉम्प्युटरला जोडला की पडद्यावर तीन बाण येतात, आणि त्यापुढे एक ओळ लिहून एंटर मारलं की मोटर फिरते. तिथल्या तिथे. अख्खा प्रोग्रॅम लिहून, चढवून, वाट बघायची गरज नाही. आठवीतल्या एका मुलानं सेन्सरचा आकडा विचारला, आकडा आला. सेन्सरखाली हात धरला, पुन्हा विचारलं, आकडा बदलला. मग खिडकीपाशी जाऊन उन्हात विचारलं. कोणी सांगितलं नव्हतं. मला जिन्याखालची खोली आठवली, आणि मी जरा बाहेर जाऊन आलो.

पायथन हळू आहे, ही तक्रार खरी आहे. सी प्लस प्लसपेक्षा कितीतरी हळू. पण आपला रोबो सेकंदाला तीस सेंटिमीटर जातो. प्रोग्रॅमच्या एका फेरीला पाच मिलिसेकंद लागले असं धरलं तरी तेवढ्यात तो दीड मिलिमीटर पुढे सरकतो. पट्टी दोन सेंटिमीटरची. काय बिघडलं?

बिघडलं ते दुसरीकडे. आता दुसरी बाजूही ऐका, नाहीतर बंगळुरूवाले उगाच खूश होतील. सी प्लस प्लसमध्ये नाव चुकीचं लिहिलं तर प्रोग्रॅम चढतच नाही. पायथनमध्ये चढतो, चालतो, आणि ती ओळ येईल तेव्हाच अडतो. आमची चूक उजव्या वळणाच्या ओळीत होती. रोबो टेबलावर सरळ गेला, डावीकडे वळला, छान चालला, आणि पहिल्या उजव्या वळणाला प्रोग्रॅम बंद पडला. पण मोटरींना दिलेला शेवटचा हुकूम तसाच चालू राहतो ना. रोबो सरळ टेबलावरून खाली. एका चाकाचा माउंट तुटला, सेन्सर गेला. त्यानंतर मुलांनी नियम केला : प्रत्येक प्रोग्रॅमच्या तळाशी, काहीही झालं तरी मोटर बंद करणारी ओळ आधी लिहायची, बाकीचं मग. आणि पहिली फेरी नेहमी जमिनीवर.

इंग्रजीचं काय, असं मुख्याध्यापकांनी विचारलं होतं. आपली मुलं मराठी माध्यमाची. भाषेतले इंग्रजी शब्द अडचण करत नाहीत. इफ, एल्स, व्हाइल, पंधरा-वीस शब्द, क्रिकेटमध्ये यापेक्षा जास्त असतात. अडतं ते चूक झाल्यावर येणाऱ्या इंग्रजी वाक्यांपाशी. म्हणून बाईंनी भिंतीवर तक्ता लावलाय, मुलांच्याच भाषेत. 'नेमएरर' पुढे लिहिलंय, "हे नाव मी ऐकलेलं नाही, स्पेलिंग बघ." 'इंडेंटेशनएरर' पुढे, "ओळ रांगेत उभी नाही." प्रोग्रॅममधली नावंही मुलं मराठीच ठेवतात, रोमन लिपीत लिहून. डावी, उजवी, वेग. आणि ज्या आकड्यानं आमचा घात केला, पट्टी आहे की नाही ठरवणारा, त्याचं नाव आहे 'उंबरठा'. तो प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत असतो. एकाच फाइलीत. त्या फाइलीला मी हात लावत नाही. बोट दाखवायलासुद्धा बाईंची परवानगी लागते.

गेल्या डिसेंबरात त्याच कॉलेजात, त्याच हॉलमध्ये गेलो. या वेळी मी हजर होतो, पण मुलांनी मला प्रेक्षकांत बसवलं. ऊन होतंच. 'ते तुमचं होतं' म्हणणारी मुलगी आता दहावीत, अभ्यास बुडवून आली होती. तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला, सेन्सरला दोनदा आकडा विचारला, एकदा पांढऱ्यावर, एकदा काळ्यावर, उंबरठा बदलला. मिनिटभरही लागलं नसेल. रोबो निघाला. तिसऱ्या वळणावर पट्टी सोडली, पुन्हा पकडली. नंबर चौथा आला, बक्षीस तिघांनाच होतं. परतताना एसटीत मुलं तिसऱ्या वळणावर भांडत होती, वेग जास्त होता की सेन्सरमधलं अंतर. मला कोणी काही विचारलं नाही.

अमेरिकेतल्या मित्रासाठी एक : तुझा सल्ला चुकीचा होता असं मी म्हणत नाही. तुझ्या मुलीच्या संघात जावा येणारे तीन पालक दर संध्याकाळी बसायचे, हे तूच सांगितलंस. तिकडे त्या मोठ्या स्पर्धेत जावा, सी प्लस प्लस, लॅबव्ह्यू चालतात आणि २०२४ पासून पायथनलाही अधिकृत जागा मिळाली. तिथे जावा घेणं बरोबरच. आपल्याकडे त्या खुर्चीवर बाई आहेत. बाईंची बदली झाली, किंवा दुसऱ्या कोणी आल्या, त्यांना दुसरं काही येत असेल, तर भाषा पुन्हा बदलेल, आणि मी तोंड उघडणार नाही. निदान तसा प्रयत्न करीन.

आता मागणं. यंदा पैसे नकोत. बोर्ड, तारा, सेल, सगळं आहे. बाईंना या वर्षी दहावीचा वर्गही दिलाय, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी खोली बंद असते. बुधवारी पाच ते सात तिथे बसायला कोणीतरी हवंय. आपल्यातले अकरा जण याच गावात राहतात, मी मोजलेत. प्रोग्रॅमिंग यायला पाहिजे असं नाही, मुलं शिकवतील. किल्ली शिपाईमामांकडे असते.

जेवणानंतर वरच्या मजल्यावर या. मुलं थांबली आहेत, फरशीवर पट्टी चिकटवून ठेवली आहे. चपला काढायची गरज नाही, फक्त पट्टीवर पाय देऊ नका.